‘अपात्र’चा शेरा आणि डरखाइमची तळटीप

पत्र:
मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यात एका संस्थेत काम करते. वय ३१. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या एकल महिलांचे अर्ज, निराधार पेन्शन, वारसनोंद, मुलांची फी असं माझं काम. बी. ए. समाजशास्त्रात झालं, पण सगळं गाईड आणि ‘अपेक्षित’वर. मूळ पुस्तक एकही उघडलं नाही याची बोच होती. मागच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी पुण्याला आले तेव्हा अप्पा बळवंत चौकातून तीन जुनी इंग्रजी पुस्तकं घेतली: फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डरखाइमचं आत्महत्येवरचं, जर्मन वेबरचं प्रोटेस्टंट नीतीवरचं आणि अमेरिकन पार्सन्सचं एक जाडजूड. मिळून साडेसहाशे रुपये. डरखाइमची साठेक पानं झाली आणि गाडी रुतली. ऑफिसात आकडेवारीचं बघणारा सहकारी हसतो. म्हणतो, “फिजिक्सवाले न्यूटनचं मूळ पुस्तक वाचतात का? सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्सचं तुला काय करायचंय? नवे पेपर वाच.” मला रात्री जेमतेम तासभर मिळतो. इंग्रजी येतं, पण हळू. या वाचण्यात खरंच काही अर्थ आहे का, की मी नुसतं मिरवायला वाचतेय?
एक वाचक, यवतमाळ

प्रिय मैत्रिणी,

आधी माझी कबुली ऐका. मी तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. त्यातली पहिली अकरा वर्षं डरखाइम शिकवला तो न वाचता. (मराठीत त्याचं नाव चार तऱ्हांनी लिहितात. वर्गात आम्ही डरखाइम म्हणायचो, तेच ठेवते.) फळ्यावर ‘आत्महत्येचे प्रकार’ असा मथळा, खाली एक ते चार: अहंवादी, परार्थवादी, प्रमाणकशून्य, दैववादी. प्रत्येकासमोर एक व्याख्या, एक उदाहरण. मुली रेघा मारून, दोन रंगांच्या पेनांनी सुरेख उत्तर लिहायच्या आणि मी पंधरापैकी बारा द्यायची.

बाराव्या वर्षी प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात निबंध वाचायची वेळ आली म्हणून मूळ पुस्तक मागवलं. इंग्रजी भाषांतर, १९५१ चं. मूळ फ्रेंच १८९७ चं. मला चौथ्या प्रकारावर लिहायचं होतं. अनुक्रमणिका पाहिली, चौथा प्रकार नाही. प्रकरणांचे मथळे पाहिले, नाही. शेवटी सापडला तो दुसऱ्या भागातल्या पाचव्या प्रकरणाच्या अगदी शेवटच्या तळटीपेत, बारीक टायपात. नियमांचा इतका जाच की माणसाचं पुढचं आयुष्यच निर्दयपणे बंद होतं, अशा अवस्थेतली आत्महत्या. उदाहरणं त्याने तीनच दिली आहेत: फार कोवळ्या वयात लग्न झालेले नवरे, मूल नसलेली विवाहित स्त्री, आणि गुलाम. पुढे तो म्हणतो की आजच्या काळात या प्रकाराला फारसं महत्त्व नाही, उदाहरणंही मिळत नाहीत, तेव्हा इथे रेंगाळण्यात अर्थ नाही.

मी ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसले होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींची लग्नं त्याच उन्हाळ्यात ठरलेली असायची. म्हणे उदाहरणं मिळत नाहीत!

आता बघा, गाईडने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. चार प्रकार आहेतच. पण कुठल्या प्रकाराला लेखकाने प्रकरणंच्या प्रकरणं दिली आणि कुठला तळटीपेत ढकलला, ते गाईडने पुसून टाकलं होतं. चारही सारख्या मापाचे, सारख्या गुणांचे. आणि आपल्याकडच्या बायकांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट नेमकी त्या तळटीपेत होती. ती तिथे का आहे हा प्रश्न गाईडवरून कधी पडलाच नसता.

तुमचा सहकारी मात्र अर्धा बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याबद्दल मी त्याच्याशी भांडणार नाही. न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा, लॅटिनमधला. आज तो भौतिकशास्त्राचे विद्यार्थी वाचत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही, कारण त्यातलं जे टिकलं ते पाठ्यपुस्तकात जसंच्या तसं उतरलं आहे. समाजशास्त्रातही पुष्कळ जुनं साहित्य असंच विसरून जाण्याच्या लायकीचं आहे. हर्बर्ट स्पेन्सरचंच बघा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समाजशास्त्र म्हणजे स्पेन्सर. आगरकर त्याला वाचून घडले. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली लंडनमधून क्रांतिकारकांचं पत्र काढलं, त्याचं नाव ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’, आणि मथळ्याखाली वचनं स्पेन्सरची! १९०३ च्या डिसेंबरात स्पेन्सर वारला तेव्हा श्यामजी अंत्यविधीला जातीने हजर होते. ‘बळी तो कान पिळी’ छापाचं ते इंग्रजी वचन, जे लोक डार्विनच्या नावावर खपवतात, तेही मूळ स्पेन्सरचंच, १८६४ सालचं. आज त्याला कोण वाचतं? तुम्ही घेतलेल्या पार्सन्सने १९३७ सालीच हा प्रश्न आपल्या जाड पुस्तकाच्या पहिल्या ओळीत विचारून ठेवला आहे, तोही दुसऱ्याकडून उसना घेऊन.

म्हणजे ‘अभिजात’ हा शिक्का काही देवाघरून येत नाही. मार्क्स, डरखाइम, वेबर ही आपल्या अभ्यासक्रमातली त्रिमूर्ती विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांत घडत गेली, आणि तिथून आपल्या विद्यापीठांनी उचलली. त्याच अमेरिकेत ड्यू बॉइस नावाच्या काळ्या विद्वानाने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून, स्वतः माहिती गोळा करून १८९९ साली ग्रंथ छापला. म्हणजे डरखाइमच्या दोनच वर्षं नंतर, आणि डरखाइमसारखं टेबलाशी बसून नव्हे. त्याचं नाव आमच्या अभ्यासक्रमात मी निवृत्त होईपर्यंत आलं नव्हतं. तुमच्यासारखं घरोघर फिरून काम करणाऱ्या बाईला या दोघांपैकी जवळचा कोण, सांगा.

सहकारी चुकतो तो पुढे. पाठ्यपुस्तकात न्यूटनचा नियम उतरतो, पण डरखाइमचा ‘नियम’ उतरत नाही, कारण तो नियम नव्हताच. ती एक पद्धत होती, एक हट्ट होता, आणि त्यात चुकाही होत्या. या तिन्ही गोष्टी संक्षेपात मरतात.

आता तुमच्या रुतलेल्या गाडीकडे. साठाव्या पानाच्या आसपास तुम्ही पहिल्या भागात असणार: वेड, वंश, आनुवंशिकता, हवामान. म्हणजे आत्महत्येची सामाजिक नसलेली कारणं एकेक करून खोडून काढणं. तिथे सगळेच रुततात. हा भाग सोडून द्या. पाप लागत नाही. फक्त हवामानाच्या प्रकरणातली चार पानं चाळा. लोकांना वाटायचं, थंडी-अंधाराने माणूस खचत असेल. डरखाइमने आकडे लावून दाखवलं की युरोपात आत्महत्या जानेवारीपासून जूनपर्यंत वाढत जातात. बरं, मग उन्हाने डोकं फिरतं म्हणावं, तर तसंही नाही. दिवस मोठा होतो, माणसांचा एकमेकांशी व्यवहार वाढतो, तसा आकडा चढतो. उत्तर पटो न पटो, तो कसा एकेक दार बंद करत जातो ते बघण्यासारखं आहे.

तिथून थेट दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणावर या, कुटुंबाच्या. हे प्रकरण मात्र पेन्सिल घेऊन वाचा. यामागे सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी आहेत. त्या वय, लिंग, लग्न झालेलं की नाही, मुलं आहेत की नाहीत अशा लावून ठेवल्या त्याच्या भाच्याने, मार्सेल मॉसने. तेव्हा संगणक कुठला, कागद आणि हात. तुम्ही अर्जांचे गठ्ठे लावता, तुम्हाला त्या भाच्याच्या बोटांची दया येईल. कागद मिळवून दिले गाब्रिएल तार्दने, जो तेव्हा फ्रान्सच्या न्याय खात्यात आकडेवारीचा प्रमुख होता. गंमत अशी की तार्द हा डरखाइमचा वैचारिक प्रतिस्पर्धी. समाज चालतो तो अनुकरणावर, असं त्याचं म्हणणं. डरखाइमने त्याच्याच खात्याचे कागद वापरून त्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण अनुकरणाची कल्पना मोडीत काढायला खर्च केलं. प्रस्तावनेत आभारही मानले आहेत, ते वेगळं. हा तार्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

या तिसऱ्या प्रकरणात एक आकडा येतो. फ्रान्समध्ये मूल नसलेल्या विवाहित बायका, त्याच वयाच्या अविवाहित बायकांच्या दीडपट आत्महत्या करतात. लग्न माणसाला सांभाळतं हा त्याचा मोठा सिद्धान्त, आणि हा आकडा त्या सिद्धान्ताच्या पायात काटा. लग्न सांभाळतं, पण कुणाला? पुरुषाला. हे त्याला दिसलं. दिसलं म्हणून तर तळटीप आली. पण दिसल्यावर तो थबकला आणि बाजूने निघून गेला. बाईचं मानसिक आयुष्यच कमी विकसित असतं, असली काहीतरी सबब पुढे केली. एवढा बुद्धिमान माणूस समोर आकडा असूनही कुठे डोळे मिटतो, ते त्याच्याच वाक्यांत पाहायला मिळतं. नव्या पेपरमध्ये तुम्हाला एवढंच मिळेल की ‘डरखाइमचा स्त्रियांविषयीचा दृष्टिकोन मर्यादित होता’. वाक्य बरोबर आहे. पण शिकायला मिळतं ते त्याच्या थबकण्यातून.

आणि तुम्ही त्याची आणखी एक चूक माझ्यापेक्षा लवकर पकडाल. त्याचा सगळा डोलारा सरकारी आकड्यांवर उभा. प्रोटेस्टंट जास्त आत्महत्या करतात, कॅथलिक कमी, कारण कॅथलिकांमध्ये समूहाची वीण घट्ट. पण कॅथलिक घरात आत्महत्या म्हणजे महापाप, दफनविधीची पंचाईत. मग घरचे, धर्मगुरू, डॉक्टर मिळून ‘अपघात’ असं लिहीत नसतील कशावरून? हा आक्षेप विद्वानांनी पुढे सविस्तर मांडला, १९६७ साली त्यावर एक अख्खं पुस्तक आलं. पण तुम्हाला त्या पुस्तकाची गरज नाही. तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाणारी प्रकरणं रोज बघता. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की खासगी, वसुलीचा तगादा होता का, आणि मग रकान्यात एक शब्द: पात्र किंवा अपात्र. मेलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. पण एक लाख रुपयांची मदत त्यावर ठरते, आणि ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून सरकारदरबारी कोण मोजलं जाणार हेही. शेतात राबणारी बाई गेली तर? जमीन तिच्या नावावर नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत ‘गृहिणी’ असा वेगळा रकाना आहे, ती तिथे जाऊन पडते. शेतकऱ्यांच्या आकड्यात ती नसतेच.

म्हणून डरखाइम वाचताना तुमचं रजिस्टर शेजारी ठेवा. त्याच्या प्रत्येक तक्त्यापाशी विचारा: हा आकडा भरला कोणी, आणि भरणाऱ्याला काय टाळायचं होतं? हाच प्रश्न तुमच्या सहकाऱ्यालाही त्याच्या एक्सेलबद्दल विचारून बघा. नवे पेपरही त्याच आकड्यांवर उभे असतात.

वेबरबद्दल थोडक्यात. प्रोटेस्टंट नीतीवरचे ते लेख १९०४-०५ चे, पुस्तक छोटं, तळटीपा अवाढव्य. तळटीपा सोडून वाचलं तर आठवड्यात होतं. भांडवलशाहीचं कारण धर्म, असं एका ओळीत गाईड सांगतं. तो तसं म्हणत नाही, उलट तसं म्हणू नका असं शेवटी बजावतो. घाई असेल तर शेवटची सहा-सात पानंच वाचा. तिथे तो प्रसिद्ध ‘लोखंडी पिंजरा’ आहे, म्हणजे आधुनिक माणूस जिच्यात अडकतो ती नियम-हिशेबांची व्यवस्था. खरं तर वेबरच्या जर्मनमध्ये पिंजरा नाहीच, पोलादासारखं कठीण कवच असं काहीसं आहे. पिंजरा घातला तो १९३० साली भाषांतर करताना पार्सन्सने. पिंजऱ्यातून सुटता तरी येतं. कवच अंगालाच चिकटलेलं असतं, गोगलगाईसारखं. अर्ज ऑनलाइन, आधार लिंक, बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून पेन्शन अडकलेली म्हातारी: तुम्हाला पिंजरा दिसतो की कवच, ते तुम्हीच ठरवा. वेबरचं भारतावरचं पुस्तक मात्र आत्ता हाती घेऊ नका. तो भारतात कधी आला नाही. जनगणनेचे अहवाल आणि भाषांतरित पोथ्या वाचून लिहिलं. बुद्धी अफाट, पण पोथीतला हिंदू आणि यवतमाळचा शेतकरी यांत जे अंतर आहे ते त्याला कळायला वाव नव्हता.

आता ज्यासाठी हे एवढं लांबवलं ते.

डरखाइमच्या पुस्तकात सती येते. परार्थवादी आत्महत्येच्या प्रकरणात. नवऱ्यामागे जाणारी हिंदू विधवा, समाजाने लादलेलं कर्तव्य म्हणून जीव देणारी. व्यक्ती समाजात इतकी विरघळलेली की स्वतःचा जीव स्वतःचा वाटत नाही. गाईडमध्ये हे उदाहरण पाठ असतं. आम्हीही तेच सांगायचो, आणि वर्गात थोडी शांतता पसरायची.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो. भीमराव आंबेडकर. निबंध लहान आहे, एका बैठकीत संपतो. १९१७ च्या मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, त्यातल्या पहिल्या खंडात हा पहिलाच लेख आहे. मराठी अनुवादही मिळतो.

डरखाइमने विचारलं होतं, ही बाई मरायला तयार कशी होते? आंबेडकर विचारतात, ती जिवंत राहिली तर कुणाची अडचण होते? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. त्यासाठी जातीत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने हवेत. नवरा मेला की एक बाई जादा होते. तिने जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडलं. जातीतच दुसरं केलं तर एका कुमारिकेच्या वाटचा नवरा गेला. मग तिचं करायचं काय? एक तर नवऱ्याबरोबर जाळायची, नाहीतर सक्तीचं वैधव्य. आणि बायको मेलेला पुरुष जादा झाला तर? त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष. त्याला लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींतून बायको द्यायची. झाला बालविवाह. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह: गाईडमध्ये ‘सामाजिक समस्या’ म्हणून वेगवेगळ्या पाठांत विखुरलेल्या तीन गोष्टी इथे एका हिशेबात येतात. त्यांना पवित्र ठरवणारं तत्त्वज्ञान नंतर आलं, आधी हा हिशेब होता, असं त्यांचं म्हणणं.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. आमच्या आत्याबाई आठवल्या. आलवण नेसून उभं आयुष्य आमच्या माजघरात काढलेल्या. त्यांच्याबद्दल घरात हळहळ पुष्कळ होती, हिशेब कुणी मांडला नव्हता.

आणि तार्द? तो इथे परत येतो. एका गटाने स्वतःला कोंडून घेतलं, पण मग बाकीच्यांनी त्या प्रथा का उचलल्या, याचं उत्तर देताना आंबेडकर तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात. अनुकरण वरून खाली वाहतं, आणि जवळचा जास्त करतो, लांबचा कमी. ब्राह्मणांना जितकी जात जवळ तितक्या या तिन्ही प्रथा तिच्यात कडक. म्हणजे डरखाइमने ज्याला पुस्तकातून बाहेर काढलं तोच तार्द जातीचं कोडं सोडवायला कामी आला. पुढे १९५२ साली समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी ‘संस्कृतीकरण’ (खालच्या जातींनी वरच्यांच्या प्रथा उचलणं) हा शब्द दिला आणि आम्ही तो त्यांच्याच नावाने शिकवत आलो. माझं मत विचाराल तर बी त्या १९१६ च्या निबंधात आहे. पण अभ्यासक्रमात आंबेडकर राज्यशास्त्राकडे आणि श्रीनिवास समाजशास्त्राकडे, अशी वाटणी झालेली. (ड्यू बॉइसचं म्हणाल तर आंबेडकरांनी १९४६ साली त्यांना पत्र पाठवलं होतं, आणि उत्तरही आलं. तळटीपेत ढकललेल्यांना एकमेकांचा पत्ता बरोबर सापडतो.)

तेव्हा माझा सल्ला असा की तुम्ही क्रम उलटा करा. आधी आंबेडकरांचा निबंध. वाचून झाला की तुमच्या एकल महिलांपैकी कुणाचा पुनर्विवाह झाला, कुणाचा दिराशी लावायचा घाट घातला गेला, कुणाला ‘पोरांकडे बघ’ म्हणून गप्प केलं, आणि प्रत्येक वेळी जमीन कुणाच्या नावे राहिली, ते नुसतं आठवून बघा. मग डरखाइमची हवामानाची चार पानं, कुटुंबाचं प्रकरण आणि तळटीप. मग वेबरची शेवटची पानं. एवढं वर्षभरात झालं तर खूप झालं.

मध्ये इंग्रजीचा कंटाळा आला तर मराठीत चला. मराठीत समाजशास्त्र वाचणं म्हणजे खालच्या वर्गात बसणं, ही समजूत आमच्या पिढीने पसरवली, ती मनातून काढून टाका. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. बलुतं, वतन, पाटील-कुलकर्णी, गावात येणारे फिरस्ते यांचं इतकं बारीक वर्णन की वास येतो. भटक्या जमातींबद्दल लिहिताना मात्र लेखकातला सरकारी अंमलदार जागा होतो आणि ही माणसं त्याला कुणब्याच्या डोक्यावरचा भार वाटू लागतात. तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे चला. इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख तर माझा जीव आहे. मालवणात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ घुर्यांची ही विद्यार्थिनी, पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेली. वारीत चालते, अभंग गाते, सगळ्यांवर जीव लावते, आणि त्याच वेळी तिला दिसतं की एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. दिवसभर एका सुरात गाणारी माणसं जेवायला दोन ठिकाणी. समाजशास्त्राचा एकही जड शब्द नाही.

काही सांगायचं राहिलं. हे वाचन रात्री करू नका. दिवसभर त्या घरांमधून फिरून आल्यावर रात्री अकराला आत्महत्येचे तक्ते घेऊन बसायचं, हे मला बरं वाटत नाही. पहाटे चहाबरोबर वाचा, नाहीतर एसटीत. रात्री दुसरं काहीही चालेल. आणि एकट्याने वाचण्यापेक्षा ऑफिसातली आणखी एखादी मैत्रीण धरा, महिन्यातून एकदा दहा पानांवर बोला. त्या सहकाऱ्यालाही बोलवा. त्याचा तिरकस प्रश्न कामाचा आहे.

मिरवण्याचं विचारलंत. थोडं असेल, तर असू दे. मीही ते उजळणी वर्गातल्या निबंधासाठीच मागवलं होतं, म्हणजे मिरवायलाच. तळटीप त्यातूनच सापडली.

राहिलं पार्सन्सचं पुस्तक. दुकानदार निम्म्या किमतीत परत घेत असेल तर देऊन टाका आणि त्या पैशात ‘गावगाडा’ घ्या. मला पाठवण्याचा विचार असेल तर नको, माझ्याकडे एक प्रत आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, खूण अजून एकसष्टाव्या पानावर आहे.